घोड्यांची काकी

घोड्याच्या छातीला तळवा लावून बघितल्याशिवाय अनसूयाकाकी त्यावरून आलेल्या माणसाला "या" म्हणत नसे. घाट उतरून आलेला स्वार, दिवसभराच्या रपेटीनं कंबर धरलेला, हसून नमस्कार करी. काकीचं तिकडे लक्षच नसे. घोड्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये हात घालून ती जराशी थांबे आणि निकाल देई, "हा तापलाय. ह्याला आधी फिरवा. तुमचं मागनं बघू." स्वार निमूट घोड्याला फिरवू लागे.

गुहागरच्या पुढे आमच्या गावात समुद्राला लागून सुरूचं बन आहे आणि बनाच्या मागे काकीची मोकळी जागा. एका हिवाळ्यात घोड्यांवरून कोकण बघायला निघालेली पाचसहा माणसं गावात आली. लॉजवाल्यांकडे माणसांना खोल्या होत्या, पण घोडे कुठे ठेवणार? सगळ्यांनी हात वर केले. काकी अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. ती उठली आणि म्हणाली, "जनावराला नाय म्हणायचं नसतं. ठोका तंबू तिकडे." छातीला हात लावून बघायचं त्याच लोकांनी तिला शिकवलं. पुढे तिनं ते त्यांच्यावरच उलटवलं, ही गोष्ट वेगळी.

मग दरवर्षी दिवाळीनंतर तिथे तंबू पडू लागले. आडवे वासे बांधून कुंपण झालं. विहिरीजवळची जुनी दगडी डोण घोड्यांच्या पाण्याला लागली. काकीकडे फोन नव्हता, त्यामुळे येणारे लोक शेजारी म्हणून मला फोन करत. मी मुंबईतली नोकरी संपवून गावी आलो होतो तो आराम करायला. नशिबी आली गवताच्या पेंढ्यांची ने-आण.

नवखी मंडळी एक चूक हटकून करत. सावली बघून घोडा माडाखाली बांधत. घाटावरच्या माणसाला माडाचं काय ठाऊक? काकी अंगणातून ओरडे, "मेल्यांनो, सोडा तो घोडा आधी!" एकदा एका पुण्याच्या पाहुण्यानं ऐकीव ज्ञान पाजळलं, "काकी, नारळाला डोळे असतात म्हणे. तो कुणाच्या डोक्यात पडत नाही."

"असतात ना डोळे," काकी म्हणाली. "पण त्यांनी माणसं बघितलीत. घोडा कधी बघितलाय?"

पाहुण्यानं घोडा सोडला.

घोडे आत आले की बांधावर राखणदाराचा, जागेची राखण करणाऱ्या देवाचा, दगड होता, त्यापुढे नारळ ठेवून ती गाऱ्हाणं घाली. "बा राखणदारा, परमुलखातली जनावरं तुझ्या पायाशी आलीत. त्यांना इंचूकाट्यापासून राख, आणि त्यांच्या मालकांना थोडी अक्कल दे." गाऱ्हाण्याला हजर असलेल्यांनी "होय महाराजा" म्हणायचं असतं. मालकही म्हणत, अगदी मनापासून.

हे सगळं ती दमलेल्या अंगानं करत होती. गुडघे कधीच गेले होते. डोणीपासून कुंपणापर्यंत जाताना ती मध्ये बसे. "दमले रे," म्हणे. "यंदा शेवटचं." दरवर्षी यंदा शेवटचंच असायचं. मुलगा मंगेश बोरिवलीहून मला फोन करून तिला द्यायला सांगे. गुडघ्यांचं ऑपरेशन करून घे, आता इथेच राहा, हे त्याचं एकच मागणं. "येते हो, एवढे घोडे गेले की येते," काकी म्हणे. ते गेले की दुसरे येत.

त्यात संपतनं आपली घोडी चंद्रा आणून ठेवली. संपत साताऱ्याकडचा, दरवर्षी येणारा. कातळावरून उतरताना त्याच्या चंद्राचा पाय लचकला. सोबतच्यांना पुढे जायचं होतं. "होळीला येऊन नेतो, काकी," म्हणून तो गेला. शिमगा झाला, आंबा संपला, संपतचा पत्ता नाही. फोन बंद. तिकडे मंगेशनं डॉक्टरची वेळ ठरवली होती. घोडीला सोडून येणार नाही, असं काकीनं त्याला कळवलं. किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारा एकजण चंद्राला मागायला आला, त्याला तिनं पायरी चढू दिली नाही. "लंगडीला पळवशील, मेल्या!"

पावसाळाभर चंद्रा रिकाम्या गोठ्यात राहिली. खूर कुजू नयेत म्हणून खाली भाताचं तूस पसरायचं आणि ओलं झालं की बदलायचं. गोणी अर्थात मीच वाहत होतो. शेवटी कंटाळून म्हणालो, "काकी, तिच्या मालकाला पडलेली नाही, तुला कशाला?"

"सकाळी उठल्यावर ती कुणाकडे बघते? माझ्याकडे ना?" काकी म्हणाली. "मग झालं."

संपतसाठी मात्र तिनं शिव्यांची जय्यत तयारी ठेवली होती. नवी सुचली की मला ऐकवायची. काही मी आजही लक्षात ठेवल्या आहेत.

गणपती उरकल्यावर एका दुपारी संपत एसटीनं आला. अंगानं अर्धा झालेला, दाढी वाढलेली. फाटकातच उभा राहून त्यानं सांगितलं की बायको आजारी पडली, इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या, आणि शेवटी ती गेली. "चुकलं माझं, काकी. घोडीचं ध्यानात व्हतं, पर यायला जमलंच न्हाई." मी शिव्यांची वाट बघत होतो. काकी उठली, गुडघे धरत त्याच्यापर्यंत गेली आणि तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. घोड्याच्या छातीवर ठेवायची तसाच, तेवढाच वेळ.

"हा फार दमलाय," ती मला म्हणाली. "आधी ह्याला पाणी दे. घोडीचं मागनं बघू."

मी पाणी आणायला आत गेलो आणि डोळे पुसूनच बाहेर आलो.

चंद्राचा पाय सुधारला होता, पण घाट चढण्याजोगा नव्हता. घरी परतून करायचं काय, हे संपतलाही ठाऊक नव्हतं. तो राहिला. जागेचं तोच बघेल असं आपोआप ठरलं, आणि दसऱ्यानंतर मंगेश गाडी घेऊन काकीला न्यायला आला. निघताना ती राखणदारापुढे उभी राहिली. चंद्रासाठी मागितलं, संपतसाठी मागितलं. मग जरा थांबून म्हणाली, "आणि बा राखणदारा, ही बाय पण आता दमली. हिला जरा निजू दे." मंगेश गाडीत सामान भरत होता. संपत माझ्या तोंडाकडे बघत होता. कुणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मीच म्हणालो, "होय महाराजा."

त्या दिवशी ती "यंदा शेवटचं" म्हणाली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ऑपरेशन चांगलं झालं. घरातल्या घरात चालायलाही लागली होती. एका दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मंगेशचा फोन सवयीनं मलाच आला. बनामागे तंबू पडत होते आणि संपत नुकत्याच आलेल्या एका घोड्याच्या छातीला हात लावून उभा होता. त्याला सांगायला निघालो आणि वाटेत राखणदाराच्या दगडापाशी माझे पाय थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाशी भांडलो.

"जरा, म्हणाली होती ती," मी त्याला म्हणालो. "जरा निजू दे, म्हणाली होती."