सव्वीस पोरांची एकच झोप

कुंदाबाईचा कोणावर विश्वास बसायला वेळ लागतो. दूधवाल्यावर बसायला अकरा वर्षं लागली, आणि बसला त्याच साली तो दूध विकायचं सोडून मुलाकडे राहायला गेला. सावरटोल्याच्या अंगणवाडीत ती अठरा वर्षं मदतनीस आहे. तांदळाचं पोतं आलं की बाकीच्या बाया त्याचं तोंड उघडतात, ही आधी तळाशी हात घालते. ताकसुद्धा फुंकून पिणारी माणसं असतात ना, त्यातली ही. फरक एवढाच, की ही आधी ताक देणाऱ्याला फुंकून पाहते.

तेव्हा मार्च महिन्यात नागपूरच्या नूतन मॅडम गावात आल्या आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून सांगू लागल्या, की तलाव फुटल्यानंतर पोरांच्या आणि घरच्या माणसांच्या मनावर काय परिणाम झाला त्याचा अभ्यास करायचा आहे, आणि हे काम बाहेरच्यांपेक्षा इथल्याच माणसांना शिकवून करून घ्यायचं आहे, तेव्हा कुंदाबाईनं पहिल्यांदा पाहिल्या त्या मॅडमच्या चपला. साध्या, झिजलेल्या. "इतकी शिकलेली बाई अन् असल्या चपला?" ती शेजारणीच्या कानात म्हणाली. "चौकशीवाली आहे. पाणी कुठंतरी मुरून राहिलं, पाहून घे."

आता तिला चौकशीची एवढी धास्ती का, ते सांगायला हवं.

सावरटोल्याचा तलाव तिच्या सासरच्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. कोहळी जातीचं ते पिढीजात काम. तिचा नवरा उमराव गावचा पाणकर, म्हणजे कोणाच्या धानाच्या बांधीत कधी आणि किती पाणी जाणार ते ठरवणारा माणूस. पाणी सोडायची तुडूम त्याच्या शब्दावाचून कोणी उघडत नाही. गेल्या ऑगस्टात एका रविवारी दुपारी चार वाजता तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, फुटली. खालच्या टोलीतली, पारीखालच्या वस्तीतली, अकरा घरं गेली, आणि म्हातारी रुख्मा गेली. सगळ्या टोलीला बोरं आणि फुटाणे वाटत फिरणारी रुख्मा दुसऱ्या दिवशी दीड कोसावर सापडली.

त्या दिवसापासून गाव उमरावशी धड बोललं नाही. "पाणकर होता, पारीवर उभा होता, तरी तुडूम उघडली नाही. खाली लोक काढायला धावला तो शेवटच्या घडीला, म्हणून रुख्मा गेली." एक साहेब दोनदा येऊन लिहून गेले. उमरावनं त्यांना फक्त नाव सांगितलं आणि वय सांगितलं. पुढं ओठ शिवल्यासारखा गप्प. कुंदाबाईच्या मनात तर आणखी एक काटा होता. त्याच दिवशी सकाळी उमराव शेजारच्या गावी बारशाला गेला होता, आणि संध्याकाळी चिखलानं भरलेला घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला मोहाच्या दारूचा वास होता. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. चाळीस वर्षांचा संसार, सांगणार तरी कोणत्या तोंडानं? नवऱ्याच्या माथी म्हातारीचा जीव लागू नये, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

म्हणून शिकाऊ कार्यकर्त्यांत तिनं स्वतःहून नाव दिलं. लोक म्हणाले, वा, कुंदाबाईला पोरांची किती कळकळ! कळकळ होतीच, पण खरी गोष्ट अशी, की प्रश्न काय विचारणार ते तिला आधी पाहायचं होतं.

अर्जुनीला सहा दिवस शिकवणी झाली. पाच गावांतून चौदा जण आले होते. त्यात प्रतापगडाकडचा प्रफुल नावाचा एक बी.एड. झालेला तरुण होता, तो सगळं वहीत उतरवून घ्यायचा. त्यामुळे कुंदाबाईचा त्याच्यावरही शक. मॅडमनं शिकवलं, की पोराच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. "भीती वाटते ना?" असं नाही, "कसं वाटतं?" असं विचारायचं. पोर गप्प राहिलं तर आपण बोलायचं नाही, मनातल्या मनात दहा मोजायचे. कुंदाबाई तीनच्या पुढं कधी गेली नाही. चारला तिचं तोंड आपोआप उघडायचं आणि अख्खा वर्ग हसायचा. जे ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही, असं लिहिलेल्या कागदावर सही करावी लागली. आपल्या घरच्या माणसाचा फॉर्म आपण भरायचा नाही, हेही मॅडमनं बजावलं. म्हणजे तिच्या नातीचा, राखीचा, फॉर्म प्रफुल भरणार.

तिसऱ्या दिवशी प्रश्नावली हातात आली आणि चौदाव्या प्रश्नावर कुंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'पार फुटली तेव्हा तू कुठे होतास? तुझ्याजवळ कोणतं मोठं माणूस होतं? त्यानं काय केलं?'

"घ्या!" ती मनात म्हणाली. "मनाचा अभ्यास म्हणे. हे तं सरळ पोलिसाचं काम आहे."

कारण त्या रविवारी गावातली पाच पोट्टी सांडव्याच्या तोंडाशी मासे धरत होती. त्यांत तिची नऊ वर्षांची नात राखीही होती. आणि तिथं जवळ मोठं माणूस एकच होतं, उमराव. पोरं बोलली, की आबाजी झुलत होते, नाहीतर आबाजी झाडाखाली पडले होते, तर संपलंच.

तिनं मॅडमला एका शब्दानं विचारलं नाही. गावात आली आणि खिचडी वाढता वाढता, केस विंचरता विंचरता, एकेका पोराला पढवलं. पाचांनाच पढवलं तर उघडं पडेल, म्हणून डोकं चालवून गावातल्या सगळ्या सव्वीस पोरांना पढवलं. "कोणी विचारलं तं म्हणायचं, मी झोपलो होतो. भीती वाटत नाही. समजलं?" पोरांना काय, अंगणवाडीपासून ह्याच बाईनं ताट वाढलेलं; बाईचा शब्द म्हणजे शब्द.

राखीला सगळ्यात शेवटी सांगितलं. पोरीचे आईबाप रायपूरकडे कारखान्यात, त्यामुळे ती आजी-आबाजींपाशीच. पोर पूर्वी वाऱ्यासारखी पळायची. ऑगस्टपासून तिला एक वेगळंच झालं होतं. दुकानातून काडेपेटी आण म्हटलं, की दारात खांबासारखी उभी. तळहाताला घाम सुटायचा. आजी म्हणायची, आळशी झाली टवळी.

"म्हणायचं, मी झोपली होती," आजीनं सांगितलं.

राखीनं तिच्याकडं पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. मान हलवली आणि आत गेली. कुंदाबाईला वाटलं, चला, हीही तयार झाली.

फॉर्म भरून झाले. आठ दिवसांनी नूतन मॅडम अंगणवाडीत आल्या, गठ्ठा चटईवर ठेवला आणि म्हणाल्या, "कुंदाताई, एक सांगा. रविवारी दुपारी चार वाजता सावरटोल्यातली सव्वीसच्या सव्वीस पोरं झोपतात का हो?"

कुंदाबाई चमकली. पण हरेल तर ती कुंदाबाई कसली! "झोपतात. गरमी असते."

"ऑगस्टात?"

"आमच्याकडं असते."

मॅडम रागावल्या नाहीत, हेच तिला जास्त झोंबलं. "आईबाप सांगतात, टिनावर काही वाजलं तरी पोर घराबाहेर पळतं, पोर अंथरूण ओलं करतं. आणि पोर सांगतं, भीती वाटत नाही, झोपलो होतो. एकच वाक्य, सव्वीस वेळा. हे असंच पुढं गेलं तर सावरटोल्यातल्या पोरांना काही त्रास नाही असं लिहिलं जाईल. समुपदेशक बाई चार गावांत जातील, इथं येणार नाहीत."

"चौदावा प्रश्न तं तुमी चौकशीसाठीच टाकला!" कुंदाबाईच्या तोंडून गेलं.

मॅडमनं गठ्ठ्यातला वरचा फॉर्म काढून चौदावा प्रश्न तिच्यापुढं धरला. मग म्हणाल्या, "ज्या पोराजवळ मोठं माणूस होतं, ते पोर लवकर सावरतं. एकटं होतं, त्याला जास्त वेळ लागतो. म्हणून तो प्रश्न आहे, ताई. कोणाचं नावही आम्ही लिहीत नाही." आणि खरंच, त्या रकान्यात नावाला जागाच नव्हती. इतकी बारीक नजर असलेल्या बाईनं तेवढं मात्र पाहिलं नव्हतं.

ती तणतणत घरी आली. ऊन कलायला लागलं होतं. राखी ओसरीवर एकटी बसून बोटांनी जमीन उकरत होती. कुंदाबाई तिच्यासमोर टेकली. विश्वास बसला नव्हताच तिचा अजून, पण अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांच्या गोष्टीनं आत कुठंतरी टोचलं होतं.

"राखी, त्या दिवशी काय झालं व?"

पोर गप्प. कुंदाबाईनं मोजायला सुरुवात केली. तीन झाले. चार झाले. जीभ दाताखाली धरली. सात. नऊ. दहा होऊन गेले, तरी कुंदाबाईनं तोंड उघडलं नाही.

"तुले मालूमच आहे ना," राखी म्हणाली. "म्हणूनच तं तू मले झोपली होती म्हणाले लावलं."

"काय मालूम आहे?"

"मी मारलं रुख्माआजीले."

कुंदाबाईनं तिचा हातच धरला. "व माय! काय बोलून राहिली?"

मग सगळं बाहेर आलं, हुंदक्यांनी तुटत तुटत. आबाजींनी तिला सांगितलं होतं, पळत जा आणि वरच्या टोलीतल्या केशोरावले सांग, तुडूम उघडाले ये. ती पळाली, पण वाटेत रिंकीच्या घरी चिंचा दिसल्या आणि ती थांबली. निरोप दिलाच नाही. मग तो आवाज झाला. "मी सांगतलं असतं तं तुडूम उघडली असती. आबाजी माह्याशी बोलत नाही. त्यायलेबी मालूम आहे."

कुंदाबाईनं तिला पोटाशी धरलं. आपण ह्या लेकराला काय पढवलं, हे आत्ता तिला कळलं. झोपली होती म्हण, म्हणजे तुझा गुन्हा लपव. रडू येत होतं, पण त्याही अवस्थेत तिचं ते संशयी डोकं थांबेना.

"अन् बाकीची पोट्टी कुठं होती?"

"त्यायले आबाजीनं आधीच धाडलं होतं. एकाले बिडी आणाले, एकाले बैल पाहाले, दोघायले शाळेची घंटी वाजवाले."

कुंदाबाई थबकली. उमरावनं जन्मात बिडी ओढली नाही. आणि बैल तर त्या दिवशी गोठ्यातच बांधलेले होते, तिनं स्वतः त्यांना कुटार टाकलं होतं. दुकान, गोठा, शाळा, केशोराव, सगळं वरच्या अंगाला.

राखीचा हात धरून ती परसात गेली. उमराव कुंपणाला काट्या बांधत होता.

"राखीचे आबाजी, भरलेला तलाव तुडुमीनं उतरवाले किती वेळ लागते?"

त्यानं नुसतं वर पाहिलं. "दोन दिस. काऊन?"

"मंग केशोरावले कायले बोलावलं?"

उमरावनं हातातली काटी खाली टाकली. राखी आजीच्या पदरामागं लपली. कुंदाबाईनं पुन्हा मनातल्या मनात दहा मोजायला घेतले.

"पारीतून पाणी पाझरून राहिलं होतं," तो शेवटी म्हणाला. "थांबणार नव्हती ती. पळा म्हणून बोंबललो असतो तं पोट्टे पाहाले तिथंच जमा झाले असते. पोरगं कामाले धाडलं की मागं नाही पाहात. मंग मी खालच्या टोलीत पळालो, घराघरातून लोकं काढले. रुख्माचं घर शेवटचं. पोट्टे धाडण्यात जेवढा वेळ गेला, तेवढाच कमी पडला." त्यानं मान खाली घातली. "साहेबाले काय सांगू, आधी कोणाले वाचवलं अन् कोणाले मागं ठेवलं?"

राखी पदराआडून बाहेर आली. "आबाजी, मी केशोरावकाकाले सांगतलंच नाही. मी रिंकीकडं थांबली."

"रिंकीचं घर वरच आहे ना?"

"हो."

"मंग झालं तुहं काम." त्यानं चिखलाचा हात धोतराला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. पोर त्याच्या गुडघ्यांना बिलगून हमसून हमसून रडली.

कुंदाबाईचा जीव जागेवर राहिला नाही. सव्वीस फॉर्म! जी पाच पोरं गावाला सांगू शकली असती, की आम्हाला ह्यानं वाचवलं, त्यांचीच तोंडं तिनं स्वतःच्या हातानं बंद केली होती. "उद्याच मॅडमले सांगतो, फाडा म्हणतो ते कागद, पुन्हा विचारा म्हणतो सगळ्यायले," ती रडत रडत म्हणाली, आणि मग रडण्यातूनच तिचा राग उसळला. "पण मले काऊन नाही सांगतलं तुमी? सात महिने झाले! माह्यापाशी काय लपवाचं होतं?"

उमरावनं खाली पडलेली काटी उचलली.

"तू विचारलंच कुठं?" तो म्हणाला. "गावभरच्या पोट्ट्यायले विचारून आली. मी तं घरीच होतो."