लग्नघरातले नऊ व्होल्ट

बाळांनो, तुमच्या मायक्रोफोनचा आवाज घोगरा येतो आणि ट्रान्झिस्टरचा बायस चुकला असावा, असे तुम्ही फोनवर म्हणालात. बायसने आमच्या घरचे एक लग्न जवळजवळ बुडवले होते, म्हणून हे लिहिते.

आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टर कुठला! त्याच्या जागी काचेचे वाल्व्ह असत. लढाई संपल्यावर माझा मामा फौजेच्या सिग्नल खात्यातून रहिमतपूरला परतला आणि जुन्या सामानातून त्याने आवाज मोठा करणारी एक पेटी, म्हणजे अँप्लिफायर, जुळवली. त्याला साताऱ्यात रेडिओदुरुस्तीचे दुकान टाकायचे होते. आजोबांना मात्र तो उसात हवा होता. शेवटी ठरले: मावशीच्या लग्नात पेटी नीट बोलली तर दुकान, नाही तर ऊस.

वाल्व्हला बायस देणाऱ्या लहानशा बॅटरीवर ओळीने भोके होती, दीड व्होल्टपासून नऊपर्यंत. मामाने पिन तीनच्या भोकात बसवली होती. बायस देणे म्हणजे झोपाळा मधोमध टांगणे. भिंतीला टेकवून टांगला तर झोका एकाच बाजूला जाणार. आवाजाचेही तसेच असते.

सकाळी कर्णा खणखणीत वाजत होता. मुहूर्ताला सांगलीचे वऱ्हाड उभे राहिले, अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टक सुरू केले आणि कर्ण्यातून नुसते "ख्... ळ्... धान!" एवढेच बाहेर पडले.

"भटजींना उचकी लागली का हो?" नवऱ्याच्या आत्याने विचारले. सगळे वऱ्हाड हसले.

मामा पेटीकडे धावला. पिन नऊच्या भोकात!

"आबा, ह्याला हात कुणी लावला?"

"म्या लावला," आजोबा म्हणाले.

"मला उसात धाडायचं म्हणून व्हय?"

"आरं, लग्नघर हाय! नऊ असताना तिनावर भागवलंस? पाव्हणं काय म्हणतील, हात आखडता घेतला?"

"आवं, हितं जास्त दिलं की आवाज दबतो!"

"मग नवाचं भोक पाडलं कशाला त्या लोकांनी?"

मामाने पिन तिनात खुपसली, आणि पुढचे "सावधान" असे गरजले की दचकून आत्याबाईंच्या हातातल्या सगळ्या अक्षता एकदमच उडाल्या.

पंगतीत मठ्ठा पिऊन झाल्यावर आजोबा मामाला म्हणाले, "जा, टाक दुकान. पर म्होरं आडवी फळी ठोक. माझ्यासारखं कुणी आत शिरलं, तर तुझं काय खरं न्हाई."