भिंतीकडची जागा

गाव सोडलं त्या सकाळी चामोर्शीच्या स्टँडवर मी रुमाल टाकून खिडकीची सीट धरली होती. माय पोचवायला आली होती. बाबा पहाटेच जाळं घेऊन तलावावर निघून गेले होते, स्टँडवर रडायला नको म्हणून. मी पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरले आणि परत चढले, तर माझ्या सीटवर मांडीवर लेकरू घेऊन कोणी बाई बसलेली. मायनंच बसवली होती. "तू तं जवान आहेस, उभी राहाशीन," म्हणाली. चंद्रपूरपर्यंत मी दांडा धरून रडत गेले, पण ते गाव सुटलं म्हणून नाही, संतापानं. बाजूच्या बायांना वाटलं, पोरगी किती मायाळू.

आमचं गाव मार्कंड्याच्या महादेवाच्या देवळाजवळ. महाशिवरात्रीच्या जत्रेत घरोघर पाहुणे उतरतात, ओळख असलीच पाहिजे असं काही नाही. कोणी एटापल्लीकडचे, कोणी सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे. माय दारात पाय धुवायला पाणी ठेवायची आणि आत आलेल्या म्हातारीला थेट माझ्या जागेवर झोपवायची. माझी जागा चुलीमागच्या भिंतीला लागून. त्या थंडीत ती भिंत पहाटेपर्यंत कोमट असायची. बाबांची बाज कधी हलली नाही, दरवर्षी जागा जायची ती माझीच. मी कुरकुरले की मायचं ठरलेलं वाक्य यायचं, "जागा देल्यानं घर लहान नाई होत." घर नसेल होत, मी व्हायचे. ओसरीवर कोणाच्या तरी पायथ्याशी मुटकुळं करून पडायचे.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला हसू येईल, पण पुण्यात मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर माझ्या खोलीचं दार. आम्ही पाच जणी मिळून सहकारी पद्धतीनं एक घर चालवतो. स्वयंपाकघर, हॉल सगळ्यांचा, खोल्या जिच्या तिच्या. रविवारी मीटिंग. पाहुणा आठवडाभर राहू शकतो, पुढे राहायचं तर सगळ्यांची संमती लागते. कोणाच्याही खोलीत टकटक केल्याशिवाय जायचं नाही, आणि ती घरी नसताना दुसऱ्या कोणाला तिथे न्यायचं नाही. हा शेवटचा नियम मीच लिहिलाय. बाकीच्या म्हणाल्या, एवढं कडक कशाला? म्हटलं, तुमच्या घरी जत्रा उतरत नव्हती ना, म्हणून.

या हिवाळ्यात माय पहिल्यांदा आली. तांदूळ आणि वाळवलेले झिंगे घेऊन. दोन दिवस मी रजा काढली, तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर माय हॉलमध्ये गार्गीच्या केसांना तेल लावत बसलेली. गार्गी नाशिकची, आमच्यातली सगळ्यात लाडावलेली. तिची आई अधूनमधून येऊन जाते, तरी हिला अजून एक हवी. मी जळले, सरळ सांगते. माझ्या लहानपणी माय मासळीची टोपली घेऊन बाजारात जायची, माझ्या वेण्या मीच घालायचे. आणि ही बया डोळे मिटून "माय, अजून थोडं," म्हणतेय. मी म्हटलं, काकू म्हण. कोणी लक्षसुद्धा दिलं नाही.

शुक्रवारी मी आले तर माझ्या पलंगावर गार्गीची आई झोपलेली, माझं पांघरूण घेऊन. गार्गी ऑफिसात, तिची खोली कुलपात. न सांगता आलेल्या बाईला मायनं पाय धुवायला पाणी दिलं होतं, भात-झिंगे वाढले होते आणि माझी खोली उघडून झोपवलं होतं. स्वतः स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मी तिथेच सुरू झाले. इथे नियम आहेत, ही खोली माझी आहे, निदान इथे तरी माझी जागा दुसऱ्याला देऊ नको. बरंच काही बोलले.

माय लसूण सोलतच राहिली. मग म्हणाली, "परायाची जागा देता येते काय वो? आपलं असते तेच देता येते. तू माही आहेस, म्हून तुही जागा देत होती."

आणि सोललेला लसूण वाटीत टाकत म्हणाली, "पण आता समजलं मले. दार तुह्यं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. बाहेर माय, हातात चहा. "आत येऊ काय?"

मग गावी जाईपर्यंत रोज तेच. झोपायला येतानाही टकटक करायची, आणि मी "ये" म्हणेपर्यंत दारात उभी राहायची. गार्गीच्या खोलीत मात्र सरळ शिरायची, कारण गार्गीनं तिला सांगून टाकलं होतं, माय, तू कसली टकटक करतेस! भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि मी माझ्या नियमाच्या आत एकटी पडलेली असायचे. रविवारच्या मीटिंगमध्ये मी काही मागण्याआधीच सगळ्यांनी मायला महिनाभर राहायची संमती दिली. माय राहिली नाही. जत्रा जवळ आली होती.

महाशिवरात्रीला मी फोन केला. मागे भांड्यांचा, लेकरांचा, तेलुगूचा गलका. घर भरलंय म्हणाली, ओसरीसुद्धा पुरेना. मी विचारलं, माझ्या जागेवर कोण आहे?

"कोणीच नाई. तुले इचारल्याबिगर कशी देऊ? रिकामी ठेवली."

बाहेर लोक थंडीत पडलेत आणि आत ती भिंत फुकट कोमट होत चाललीय. माझी जागा पहिल्यांदाच माझ्यासाठी राखली होती, आणि मी त्या घरची पाहुणी झाले होते.

"देऊन टाक, माय," मी म्हटलं. "पुढच्या साली इचारू नको, तशीच देजो."

तिनं कोणाला तरी आत बोलावलेलं मला ऐकू आलं.

"कोण आहे वो?" मी विचारलं. "कोणाले देल्ली?"