मंडपवाल्याच्या फोनातलं हवामान

लोक म्हणतात, तुमच्या धंद्यात लई किस्से होतात. अहो, होतात कुठं, साचतात! एक सांगायला बसलं की दुसरा आठवतो, दुसरा सांगेपर्यंत चहा थंड होतो, आणि तिसऱ्याला शिवादादा स्वतः मधी पडून म्हणतो, "असं न्हाई झाल्तं, बाळ्या, मी सांगतो." मंग तो इतक्या थापा मारतो की तिथं हजर असलेले आम्हीच विचारतो, "बरं, पुढं काय झालं?" म्हणून आज तो यायच्या आत सांगून घेतो.

शिवादादा म्हणजे जुन्या जालन्यातला मंडपवाला. मी त्याचा साऊंडवाला, लग्नात माइक, भोंगे, जनरेटर सगळं माझं. नामदेव आचारी आमच्यातलाच. चौथे अमोल सर, बदनापूरहून रोज रेल्वेनं येतात आणि आमच्या गोदामासमोर कॉम्प्युटर क्लास चालवतात. बसायची जागा गोदामातच, घड्या घातलेल्या कनातींवर.

यंदा वैशाखात दादाच्या कोमलचं लग्न निघालं. गावी, धावड्याला, स्वतःच्या शेतात. पोरीचं एकच म्हणणं, "पप्पा, वर छत नको. मला उघड्या आभाळाखाली लग्न करायचंय." आणि मुलाचे वडील बदनापूरचे पांडुरंगराव, मोसंबीचे बागायतदार, मोठ्या मिशीचे, हसायचं नाव न्हाई. त्यांनी जालन्यातलं एसी कार्यालय सुचवलं, तर दादा ताठ्यात बोलून गेला, "मंडपवाल्याची पोरगी अन् कार्यालयात? शब्द देतो व्याहीबुवा, तुमच्या अंगावर एक थेंब पडनार न्हाई!"

वैशाखात आमच्याकडं अवकाळी कधी येऊन थोबाडीत मारंल सांगता येत न्हाई, हे दादाला शब्द दिल्यावर आठवलं. पोरीला नाही म्हणवत न्हाई, व्याह्याला शब्द दिलेला. मंग कोमलनंच तोडगा काढला. "तुमच्या फोनमधलं अ‍ॅप पाऊस न्हाई म्हणलं तर छत न्हाई. बस?" झालं! तिथून दादा हवामानाच्या अ‍ॅपमागं लागला.

* * *

पहिलं अ‍ॅप फुकटातलं. उघडलं की आधी जाहिरात, मंग हवामान, मंग परत जाहिरात. दादा ऊठसूट लग्नाच्या दिवसाचा पाऊस बघायचा. फोनला बराबर वास लागला, ह्याच्या घरी लग्न हाय आणि ह्याला पावसाची भीती हाय.

एका सकाळी दादा गोदामात आला तो लालबुंद होऊन. फोन माझ्या नाकासमोर धरला. जाहिरात होती, 'पावसाची चिंता सोडा! आजच बुक करा मंगल कार्यालय!'

"माझ्याच फोनमधून माझ्याच पोटावर पाय!" दादा ओरडला. "आन् रिचार्ज कोन मारतंय? मीच!"

* * *

तरी त्यानं ते अ‍ॅप काढलं न्हाई. काढलं ते वहिनींमुळं.

दादाला शुगर हाय. डॉक्टरनं गोड बिलकुल बंद केलंय. एक दिवस "गोदामात जाऊन येतो" म्हणून दादा गेला, आला, फोन चार्जिंगला लावून हातपाय धुवायला गेला. तेवढ्यात फोन वाजला, अ‍ॅपचा मागं अडकलेला मेसेज आला. वहिनींनी बघितलं, 'बदनापूर स्टेशन रोड. ऊन फार आहे, पाणी पीत राहा.'

"तुम्ही गोदामात गेल्ते ना?" वहिनी म्हणल्या. "मंग ह्याला बदनापूरचं ऊन कशाला लागून राह्यलं?"

"अ‍ॅप हाय ते, चुकतं कधी कधी."

वहिनींनी त्याच्या शर्टाची बाही वर धरली. तिच्यावर स्टेशन रोडच्या जिलबीचा पाक वाळला होता. "आन् ह्ये काय? गारा पडल्या का?"

दादानं उभ्या उभ्या अ‍ॅप उडवलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणतो, "हवामान सांगायला ठेवलं होतं त्याला, चहाड्या करायला न्हाई!"

* * *

अमोल सर ह्याच दिवसाची वाट बघून राह्यले होते. "दादा, ओपन सोर्स अ‍ॅप घ्या. जाहिरात नाही, तुम्ही कुठं फिरता ते बघत नाही, तुमची माहिती कुणाला विकत नाही. आणि आतला कोड सगळ्यांना खुला. कुणीही उघडून बघावं, काही लबाडी केलीय का."

हे नामदेवच्या डोक्यात गेलं. आमचा नामदेव मसाला कालवताना चुलीभोवती कनात लावून घेतो. सख्ख्या भावाला प्रमाण सांगितलेलं न्हाई त्यानं. तो म्हणला, "सगळंच उघडं करून टाकलं तर त्या मानसाची किंमत काय राह्यली?"

"नामदेवभाऊ, ज्याला लपवायचं नसतं तो कशाला लपवेल?" सर सहज बोलून गेले.

नामदेव उठला, टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला. "म्हंजे मी भेसळ करतो?"

सरांनी लई समजावलं, पण नामदेव ऐकतो कुठं! पुढच्याच लग्नात पंगतीला सर आमच्या शेजारी बसले. आमच्या ताटात लाल तर्रीचा रस्सा, सरांच्या ताटात कोरडा भात. सरांनी वाटी पुढं केली तर नामदेव हात जोडून म्हणतो, "सर, आमच्या रस्स्याचा कोड खुला न्हाई. तुम्हाला चालनार न्हाई!"

* * *

नवं अ‍ॅप आलं. गुणी होतं बिचारं. लोकेशन मागत नव्हतं, म्हणून गावाचं नाव आपण टाकायचं. आणि त्याच्या यादीत धावडाच नव्हतं!

सर म्हणले, "भोकरदन टाका, तेच जवळ."

दादा उसळला. "भोकरदनचा पाऊस धावड्याला कधी आलाय का? माझं लग्न धावड्याला हाय!"

"तुमचं न्हाई, कोमलचं," मी म्हणलं. मला गप बसवलं गेलं.

मंग सरांनी उपाय सांगितला. शेतात जिथं स्टेज येणार तिथं उभं राहून अक्षांश-रेखांश काढायचे आणि ते आकडे अ‍ॅपमधी टाकायचे. गेलो आम्ही धावड्याला. नांगरलेल्या ढेकळात दादा फोन आभाळाकडं धरून उभा, सर आकडे वाचून राह्यले, मी पेनानं तळहातावर लिहून राह्यलो.

शेजारचा बांधावर आला. "काय दादा, मोजणी का?"

आता दादाला प्रायव्हसीचं भूत चढलेलं. तो गंभीर तोंड करून म्हणला, "ते कुनाला सांगता येत न्हाई."

बस, एवढंच पाहिजे होतं! चहा प्यायला गावात गेलो तोवर नवा रस्ता निघाला, शेतं गेली, भाव पण ठरला. एकजण सातबारा घेऊन आला, "आमचीबी धरा, आमची काय हरकत न्हाई!" परत शेतात आलो तर पलीकडच्या काकू रणरणत्या उन्हात आंब्याचं रोप लावून त्याला बादलीनं पाणी घालून राह्यल्या होत्या.

मी विचारलं, "काकू, वैशाखात आंबा?"

"गप रे. झाडाचे येगळे मिळतेत!"

* * *

प्रायव्हसीचं भूत इथं उतरलं असतं तर बरं. पण दादा पत्रिका छापायला गेला आणि छापखानेवाल्याला म्हणला, "लग्नाचं ठिकाण टाकू नका. लोकेशन कशाला द्यायचं सगळ्या दुनियेला?"

छापखानेवाल्यानं वहिनींना फोन लावला. वहिनी तशाच ऑटोत बसून तिथं हजर. सगळ्यांसमोर विचारलं, "मंग वऱ्हाड कुठं उतरनार? भोकरदनच्या स्टँडवर?"

दादा थोडा विचार करून म्हणतो, "ज्याला यायचं त्यानं फोन करून विचारावं."

"नंबर छापू का मग?" छापखानेवाला.

"नंबर? बिलकुल न्हाई!"

* * *

त्या अ‍ॅपमधी आणखी एक सोय होती. अंदाज कुठून घ्यायचा ते आपण निवडायचं. कुठं जर्मनीचा, कुठं नॉर्वेचा. दादानं दोन्ही बघितले. जर्मनी म्हणे लग्नाच्या दिवशी पाऊस, नॉर्वे म्हणे न्हाई.

"नॉर्वेचा मानूस शब्दाला पक्का," दादानं जाहीर केलं. नॉर्वे कुठं हाय हे त्याला माहीत नव्हतं, मलाबी न्हाई.

दुसऱ्या दिवशी नॉर्वेवर ढग आले. दादानं ताबडतोब जर्मनीत उडी मारली. "मी आधीपासून सांगून राह्यलो, जर्मनीचं मशीन बराबर असतं!" संध्याकाळी परत नॉर्वे. आमदारसुद्धा एवढ्या वेळा पक्ष बदलत न्हाई!

सर वैतागले. "दादा, अंदाज असा आवडीनं निवडत नसतात."

"मंग निवडायला कशाला दिला?" दादा म्हणला.

* * *

लग्नाच्या आदल्या दिवशी जर्मनी आणि नॉर्वे दोघंबी एक झाले, पाऊस न्हाई! छत रद्द. कोमलनं बापाला मिठी मारली. दादानं एक ताडपत्री मात्र हळूच टेम्पोत टाकली आणि माझ्या कानात म्हणला, "असू दे. अ‍ॅपला कळू देऊ नको."

गोरज मुहूर्त होता. चहूबाजूंनी झालर, फुलं, वर मोकळं आभाळ, कोमल इतकी खुश की बघत राहावं. पांडुरंगराव आले, वर बघितलं, मिशीवरून हात फिरवला. आणि अंतरपाट धरला तेव्हाच अजिंठ्याच्या डोंगराकडून काळंभोर काहीतरी निघालं.

पहिल्या मंगलाष्टकाला वारा सुटला. दुसऱ्याला थेंब आला. मी जनरेटर बंद केला, बॅटरीवरचा एक माइक तेवढा गुरुजींकडं ठेवला. दादानं फेटा सावरत स्टेजवर उडी मारली. "ताडपत्री!"

बांबू रोवायला वेळ कुठं होता? एक कोपरा दादानं धरला, दोन त्याच्या कामगारांनी, चौथा अमोल सरांनी. खाली नवरा-नवरी, गुरुजी आणि पांडुरंगराव. धो धो पाऊस. वऱ्हाड खुर्च्या डोक्यावर घेऊन उभं. आणि दादा ओरडतोय, "गुरुजी, एकबी कडवं गाळू नका, आम्ही धरून राह्यलो!" त्याच्या फेट्याचा रंग गालावर उतरला होता. मला लई वाईट वाटलं दादाचं.

शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या, माळा पडल्या. ताडपत्रीच्या पोटात तोवर हौदभर पाणी साचलेलं. कोमलनं वर त्या निळ्या प्लॅस्टिककडं बघितलं आणि हळूच म्हणली, "पप्पा, सोडा ना ते. मला आभाळ पाहिजे होतं."

पोरगी सासरी चाललेली. बाप कसा नाही म्हणंल? दादानं कोपरा सोडला.

सगळं पाणी घसरत गेलं ते थेट पांडुरंगरावांच्या डोक्यावर! टोपी वाहून गेली. मिशी खाली आली. कोमल पावसात तोंड वर करून उभी होती, पण तिचंबी हसू जागच्या जागी थिजलं. दादानं हात जोडले.

पांडुरंगरावांनी तोंडावरून हात फिरवला. गुरुजींच्या हातातला माइक घेतला. मी मनात म्हणलं, गेलं लग्न!

त्यांनी माइकमधी फुंकर मारली. आणि लग्नात आहेर पुकारतात ना, अगदी त्याच सुरात, सावकाश, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणले,

"धावडेकर शिवादादा मंडपवाले, यांच्याकडून व्याह्याला... एक आंघोळ! आहेर पोचला!"