मारणाराच नोटीस घेऊन आला

मंडळी, राग अजून उतरला नाही, तरी लिहिते.

माझ्या भावाला, सोपानला, पोलिसांनी ठाण्यात मारलं. उजवा हात मोडला, प्लास्टर घालायला अंबाजोगाईला न्यावं लागलं. चौकशी बाहेरच्या अधिकाऱ्यानं करावी असा मी वर अर्ज केला. माहिती अधिकारात ठाण्याचं फुटेज मागितलं, तर उत्तर आलं, पोलिसांच्या खासगीपणाला बाधा येते.

आज चौकशीची नोटीस आली. घेऊन कोण आलं? ज्यानं काठी चालवली तोच हवालदार!

आईनं त्याला ओळखलं नाही. दारात माणूस आला म्हणून ती सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तो हिसकावून घेतला.

"सही कर बे," तो सोपानला म्हणाला.

सोपाननं प्लास्टर दाखवलं. "कशानं करू, साहेब?"

"मग डावा अंगठा लाव."

मी मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. त्यानं लगेच तोंडासमोर फाईल धरली. "बंद करा बाई. आमाला काही प्रायव्हसी हाय का न्हाई?"

मी म्हटलं, "ठाण्यातलं फुटेज तुमी दाबलं. दारातलं माझ्याकडं हाय. चौकशीत तेच लावणार, आणि तुमचं तोंड बघायला समोरच बसणार."

आई अजून म्हणतीय, "पाणी तरी द्यायचं होतं गं."

देईन की. सस्पेंड होऊन दारात आला, की तांब्याभर देईन. मंडळी, तुमी काय केलं असतं?