भिंतीच्या रंगाचा पदर

आईचा एकटीचा असा एकच फोटो आमच्याकडं होता. मागच्या दिवाळीत दादानं मोबाइलवर काढलेला. आई अंगणात स्टुलावर बसली होती, मागं चुना लावलेली भिंत. धुऊन धुऊन पांढुरकं झालेलं लुगडं. वारं सुटलं होतं, पदर डोक्यावर थांबत नव्हता. दादा म्हणाला, "तू पण बस की शेजारी." मला फोटोत यायची लाज वाटते. मी कडेला अंग चोरून उभी राहिले आणि मागून, डोक्याच्या मागच्या कडेला पदर धरून ठेवला. फोटोत माझी चार बोटं आली, बाकी मी नाही.

आई गेल्यावर तेराव्याच्या बॅनरसाठी आम्ही तोच फोटो घेऊन उमरग्याला गेलो. दुकानदारानं तो कॉम्प्युटरवर घेतला. म्हणाला, "आधी कडा कोरत बसावं लागायचं. आता एका बटणात मागचं सगळं जातंय."

त्यानं बटण दाबलं. भिंत गेली, माझी बोटं गेली. अंगावरचं लुगडं राहिलं, पण डोक्यावरचा पदर भिंतीबरोबर गेला.

आई उघड्या डोक्यानं आमच्याकडं बघत होती. विरळ केस कानामागं चापलेले. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असतानाही डॉक्टर आले की तिचा हात पदराकडं जायचा.

मी दादाच्या कानाजवळ म्हणाले, "पदर गेला."

"कुठला पदर?"

"डोक्यावरचा."

दुकानदारानं ऐकलं. "ताई, भिंत पांढरी, पदर पांढरा. मशीनला काय कळतंय? भिंतीसकट ठेवू का मग?"

"भिंत नको," दादा म्हणाला. "लई पोपडे निघालेत. चौकात लागणार हाय, पाव्हणे बघतेत."

"मग दुसरा पदर बसवतो."

त्यानं कुणा बाईचा फोटो शोधला, तिचा पदर कापला आणि आईच्या डोक्यावर ठेवला. मोरपंखी, जरीच्या काठाचा. वडील गेल्यापासून आईनं अंगाला जरीचा काठ लावला नव्हता.

"झाकलं की डोकं," दादा म्हणाला. "आता काय?"

मला म्हणायचं होतं, भिंत असू दे, पोपड्यांसकट असू दे. दुकानात आणखी चार माणसं बसली होती.

तेराव्याला मावशी आली, आईची पाठची बहीण. बॅनरखाली बराच वेळ उभी राहिली.

"अक्काच व्हय ही?"

"व्हय," मी म्हणाले.

"तोंड तिचंच हाय. पदर कुणाचा हाय गं?"

मोबाइलच्या फोटोत रंग बदलतो, असं काहीतरी मी सांगितलं. जेवताना ती माझ्याशी बोलली नाही.

पुढं दादानं बॅनर उतरवला आणि कडब्याच्या गंजीवर टाकला. आमच्याकडं बॅनरचं असंच करतात, कडबा भिजत नाही. आई आभाळाकडं तोंड करून पडली होती, डोक्यावर त्या बाईचा पदर.

"उलटा टाक," मी म्हणाले.

"छापलेली बाजू वर असली की पाणी निथळतंय."

"उलटा टाक, दादा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. दोघांनी दोन टोकं धरून बॅनर उलटला, कडेनं दगड ठेवले. आता वरून नुसतं पांढरं दिसतं. खाली आई आहे, आणि तो पदरही तसाच आहे.