फळीवरची बाटली

सोलापुरात चांगुणाबाई शिवशरणांचं घर शोधायला घरनंबर लागत नाही. "दारूचं दुकान बंद केलेल्या बाई" एवढं म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. वस्तीच्या तोंडावरचं ते दुकान उठवायला बायकांचं मतदान झालं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीला जास्त मतं पडली की दुकानाला टाळं. चांगुणाबाई तेव्हा घरोघर फिरल्या, नवऱ्यांनी कोंडून घातलेल्या बायकांच्या दाराच्या कड्या स्वतः काढल्या आणि बाटली आडवी केली ती केलीच. शेजारच्या रंभाबाई त्या सगळ्या दिवसांत त्यांच्याबरोबर उन्हातान्हात हिंडल्या.

तेव्हापासून पौर्णिमेला विहारात पंचशील सांगायचा मान चांगुणाबाईंचा. त्या एकेक शील म्हणणार आणि बाकीच्या त्यांच्यामागून म्हणणार. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. नवरा दारूपायी गमावलेली बाई ते म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. जन्मभर चादरीच्या कारखान्यात राबलेल्या या बाईला मिळालेला हा एकच मान, आणि त्याला कुणी बोट लावलेलं त्यांना खपणारं नव्हतं.

अशा बाईच्या घरात, ज्वारीच्या पिंपात व्होडकाची बाटली सापडली.

झालं होतं असं. सून संघप्रिया घरी केक करून विकायची. नवी पेठेतल्या एका कापडदुकानाच्या मालकीणबाईंनी एकदा केक चाखून नाक मुरडलं. म्हणाल्या, केक छान आहे, पण वास औषधासारखा येतोय. तो वास बाजारच्या स्वस्त इसेन्सचा होता. संघप्रियाच्या ते जिव्हारी लागलं. तिने मोबाईलवर माहिती काढली आणि केरळातून व्हॅनिलाच्या शेंगा मागवल्या. वाळक्या चवळीच्या शेंगांसारख्या लांब, पण काळ्याभोर आणि मऊ. त्या उभ्या चिरायच्या, व्होडकात बुडवायच्या आणि अंधारात काही महिने मुरू द्यायच्या. मधूनमधून बाटली हलवायची, बस्स. व्होडका तपकिरी झाली की चमचाभर घालून बघा, केकला काय वास सुटतो तो! व्होडका तिने नवऱ्याकडून, यशपालकडून आणवली.

इथवर सगळं ठीक होतं. पण सासूला सांगायची काही तिची छाती झाली नाही, आणि बाटली लपवायला तिने जागा निवडली ती पिंपातल्या ज्वारीत. चांगुणाबाईंचा नवरा जन्मभर आपली बाटली तिथंच लपवायचा. संघप्रियाला हे कळणार तरी कुठून? त्या माणसाचा विषय घरात कुणी काढतच नसे.

दळणाला ज्वारी काढताना चांगुणाबाईंच्या बोटांना काच लागली आणि हात तसाच आत राहिला.

"यशपाल प्यायला लागला व्हय गं?" त्यांनी विचारलं. आवाज इतका खाली गेलेला की संघप्रिया घाबरली.

"न्हाय हो आत्या! शेंगा हायत त्यात, केकाला घालायच्या. वास घेऊन बघा की."

चांगुणाबाईंनी झाकण उघडलं. आधी दारूचाच भपका आला. बाटली भिंतीवर आपटावी असं मनात आलं. पण भपका ओसरला, आणि त्याच्यामागून दुसराच वास वर आला. गोड, दाट, ताज्या खव्यासारखा. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती पदरात तोंड खुपसून रडत होती.

"ह्यानं कुणाला चढतं का?"

"एका केकाला चमचाभर घालायचं, आत्या. भट्टीत दारू उडून जाती, वास ऱ्हातो."

"मग चोरावानी लपवलंस कशाला?" आता मात्र चांगुणाबाईंचा आवाज चढला. "ह्या घरात बाटली लई वर्षं लपत आली. आता न्हाय लपायची. अंधार पायजे तर फडकं गुंडाळ, पण समोरच्या फळीवर ठेव."

बाटली चहा-साखरेच्या डब्यांशेजारी जाऊन बसली. दुसऱ्याच दिवशी रंभाबाईंनी ती पाहिली आणि विचारलं. चांगुणाबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. रंभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि गल्लीत जाऊन अर्धंच सांगितलं. वस्तीला अर्धं पुरतं. चांगुणाच्या घरात दारू! बंद पडलेल्या दुकानात गल्ल्यावर बसणारा त्रिंबक तर या दिवसाची वाटच बघत होता. आता त्याची पानाची टपरी होती, आणि टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला तो पानाबरोबर ही बातमी तिखटमीठ लावून फुकट देऊ लागला. वस्तीतल्यांनी सांगितलेले केक एकेक करून नको झाले. रंभाबाई समोर आल्या की रस्त्याची कड धरू लागल्या. चांगुणाबाईंना सगळ्यांत जास्त ते बोचलं.

मग विहाराच्या कमिटीचे सोनकांबळे गुरुजी आले. सज्जन माणूस, पण भांडणाला भिणारा.

"बाई, या पौर्णिमेला पंचशील मीच सांगतो. कमिटीचं तसं म्हणणं पडलं. तुम्ही ती बाटली टाकून द्या, पुढच्या पौर्णिमेपासून मान तुमचाच."

गुरुजींची पाठ वळताच संघप्रियाने फळीवरची बाटली उचलली. "मोरीत ओतते, आत्या. ग्लिसरीनमधीबी मुरवता येतंय. माझंच चुकलं."

"आधी म्हणाली असतीस तर ग्लिसरीनच आणलं असतं," चांगुणाबाई म्हणाल्या. "आता न्हाय. आता ही मोरीत ओतली तर ती दारूच हुती असं आपणच म्हटल्यासारखं हुईल. पाऊल उचललंस तर पाय मोडीन तुझा."

पौर्णिमेच्या संध्याकाळी चांगुणाबाई पांढरं लुगडं नेसल्या, बाटलीवरचं फडकं काढलं आणि ती उघडी हातात धरून भर गल्लीतून निघाल्या. मागे संघप्रिया, लाजेने अर्धी झालेली. ओट्याओट्यावरून माना वळल्या. चांगुणाबाईंनी एकीचीही नजर चुकवली नाही.

विहाराच्या दारात त्रिंबक उभा होता. "काय मावशी, आमची बाटली आडवी केली आन् सोताची उभी व्हय?"

दोघंचौघं हसले. चांगुणाबाईंनी बाटली पायरीवर ठेवली, आत नेली नाही.

"व्हय, उभी हाय, आन् समद्यांच्या म्होरं हाय. तुज्या टपरीमागं दारूची चपटी मिळती, ती हितल्या कुणालाच कशी दिसत न्हाय रं?" मग आत पाहून म्हणाल्या, "ज्याला शंका हाय त्यानं यावं, वास घ्यावा, चाखावी. माज्या सुनेच्या कष्टाची चीज हाय ही. मी दारू पाजणाऱ्याशी भांडले, पिणाऱ्याशी भांडले. केक करणाऱ्या पोरीशी मी भांडायची न्हाय."

कुणी पुढे आलं नाही. त्रिंबक मात्र टपरी उघडी राहिलीय म्हणत सटकला. गुरुजी दाराशी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, ती लांब ठेवून या ना आत. बसा मागं. उगाच कशाला?"

"मागं बसायला मी काय केलंय, गुरुजी?"

गुरुजी आत गेले आणि त्यांनी माइक हातात घेतला. चांगुणाबाई तिथेच पायरीवर, बाटलीशेजारी बसल्या, हात जोडले आणि वंदना सुरू केली. कारखान्याच्या खडखडाटात जन्म गेलेल्या बाईचा आवाज तो. माइकचा आवाज आणि तो आवाज एकमेकांत घुसले. आतल्या बायका गोंधळल्या, कुणामागून म्हणावं ते कळेना.

पहिलं शील झालं. दुसऱ्याला संघप्रियाने सासूमागून आवाज लावला, आधी कापरा, मग मोकळा. तिसऱ्याला आतून रंभाबाई उठल्या, बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, नुसतं सरकून जागा दिली. त्यांचा राग अजून गेला नव्हता, आणि तो इतक्यात जायचाही नव्हता.

पाचवं शील आलं तसा त्यांनी आवाज आणखी चढवला. एकेक शब्द सुटा, ठणठणीत. गुरुजी माइकवर अजून चौथ्यावरच होते. पण आतल्या बायकांनी पाचवं म्हटलं ते पायरीवरच्या बाईमागून म्हटलं.